रिकाम्या घराचा मालक कोण? डेट्रॉइटच्या हायडेलबर्ग रस्त्याची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण मोटारींच्या कारखान्यांबरोबर वाढलेली शहरं पाहिली. आज त्याच गोष्टीचा उत्तरार्ध. कारखाने बंद पडले, माणसं उठून गेली आणि मागे घरं उरली. या घरांचं पुढे काय होतं? सगळ्यांची हकीकत सांगायला बसलो तर आठवडा पुरणार नाही, म्हणून आम्ही एकच रस्ता निवडला आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या पूर्व भागात हायडेलबर्ग नावाचा एक रस्ता आहे. दोन्ही बाजूंना लाकडी घरं, पुढे थोडं अंगण, तसा अगदी साधा. 1986 साली तिथल्याच एका चित्रकाराने ओस पडलेल्या घरांवर, रस्त्यात सापडलेलं भंगार ठोकायला सुरुवात केली. पुढच्या तीस वर्षांत त्या घरांवर दोनदा महापालिकेचे बुलडोझर आले, नंतर आगी लागल्या, आणि शेवटी चित्रकाराने स्वतःच सगळं हळूहळू उतरवायचं ठरवलं.

ही गोष्ट सहसा दोनपैकी एका पद्धतीने सांगितली जाते. एकात कलाकार हा नायक आणि महापालिका खलनायक. दुसरीत तो लोकांच्या दारात कचरा मांडणारा विक्षिप्त माणूस. आम्हाला या दोन्ही गोष्टी अपुऱ्या वाटतात. आमच्या मते मुळात वाद कलेचा नव्हताच. वाद असा होता की, घर रिकामं झालं की ते कुणाचं? ज्याच्या नावावर कागद आहे त्याचं, ज्याने तिथे झाडलोट केली त्याचं, की भिंतीला भिंत लावून जो राहतो त्याचं?

आता हा प्रश्न डेट्रॉइटमध्ये इतका नाजूक का, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

1913 साली फोर्डच्या हायलँड पार्कमधल्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर मोटारी जुळवायला सुरुवात झाली. 1914 च्या जानेवारीत कंपनीने दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली. ही बातमी दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दक्षिणेतली कृष्णवर्णीय कुटुंबं उत्तरेकडे निघाली. 1910 साली डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीयांची वस्ती सहा हजारांच्या आत होती, 1930 साली ती एक लाख वीस हजारांवर गेली. काम मिळालं, पण राहायचं कुठे? शहरातल्या बहुतेक वस्त्यांच्या खरेदीखतातच अट असायची की हे घर गोऱ्याशिवाय कुणाला विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही.

1944 साली ऑर्सेल आणि मिनी मॅक्गी या जोडप्याने अशाच एका वस्तीत घर घेतलं. शेजाऱ्यांनी खरेदीखतावर बोट ठेवून कोर्टात धाव घेतली आणि राज्यातल्या कोर्टांनी शेजाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. मॅक्गींच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात उभे राहिलेल्या वकिलांत थरगुड मार्शल होते. हेच पुढे त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. 1948 साली निकाल लागला की अशा अटी कोर्टाने अमलात आणायच्या नाहीत. म्हणजे बघा, पैसे मोजून घेतलेलं घर आपलंच आहे हे सिद्ध करायला या माणसांना देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टापर्यंत जावं लागलं.

याच शहरात 1941 साली एका बिल्डरने सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब अशी सिमेंटची भिंत बांधली. एका बाजूला कृष्णवर्णीयांची वस्ती, दुसऱ्या बाजूला गोऱ्यांसाठी बांधायची नवी घरं. मधे भिंत घातली तरच सरकार कर्जाची हमी देणार होतं. ती भिंत अजून उभी आहे. 2006 साली वस्तीतल्या लोकांनी आणि कलाकारांनी मिळून तिच्या एका भागावर चित्रं काढली. ब्लॅक बॉटम ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती, तिथली दुकानं, चर्च, गाण्याच्या बैठकीच्या जागा, हे सगळं शहर सुधारणेच्या नावाखाली पन्नाशी-साठीच्या दशकांत पाडलं गेलं आणि वरून महामार्ग गेला. तिथे बरेच लोक भाडेकरू होते. ज्याच्या हातात कागद नाही, त्याला भरपाई ती काय मिळणार!

1967 च्या जुलैमध्ये पोलिसांच्या एका छाप्यातून ठिणगी पडली. पाच दिवसांत 43 माणसं गेली, सात हजारांवर लोकांना अटक झाली, शेकडो इमारती जळाल्या. गोरी कुटुंबं आधीपासूनच उपनगरांकडे सरकत होती, त्याला आता वेग आला. कारखानेही बाहेर जात होते. 1950 साली साडेअठरा लाख वस्तीचं हे शहर 2010 साली सव्वासात लाखांच्याही आत आलं. दर दहा माणसांतली सहा गेली म्हणा ना. आपल्याकडे 1982 च्या संपानंतरचं गिरणगाव ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे सगळं वेगळं समजावून सांगायला नको.

माणूस गेला की घराचा कर थकतो. कर थकला की घर शेवटी सरकारजमा होतं. सरकारला ते नको असतं. विकलं तर घेणारा नाही, पाडायचं तर पैसा नाही. मग घर तसंच पडून राहतं. आधी तांब्याच्या तारा आणि नळ जातात, मग खिडक्या-दारं, मग कुणीतरी आत नशेचा धंदा मांडतो आणि एखाद्या रात्री घर पेटतं. हायडेलबर्ग रस्त्यावर नेमकं हेच चाललं होतं.

टायरी गायटन याच रस्त्यावर वाढला. जन्म 1955 चा. 1967 साली तो जेमतेम अकरा-बारा वर्षांचा होता आणि आपलं शहर जळताना त्याने पाहिलं. त्याचे आजोबा सॅम मॅकी घरं रंगवायचं काम करायचे. नातवाच्या हातात पहिला ब्रश त्यांनीच दिला. गायटन पुढे सैन्यात गेला, फोर्डमध्ये काम केलं, अग्निशमन दलात नोकरी केली. त्यानंतर डेट्रॉइटच्या कलामहाविद्यालयात रीतसर शिकला. त्यामुळे कुणी त्याला अडाणी छंदिष्ट समजू नये. आपण काय करतोय हे त्याला नीट कळत होतं.

1986 साली तो, त्याची तेव्हाची पत्नी कॅरन आणि आजोबा असे तिघं कामाला लागले. सुरुवात झाडण्यापासून झाली. घरांच्या मधल्या मोकळ्या जागांमध्ये कचऱ्याचे ढीग होते. ते उपसताना जे निघालं तेच त्यांचं साहित्य ठरलं. मोडक्या बाहुल्या, बूट, टायर, व्हॅक्यूम क्लीनर, टेलिफोन, दरवाजे, मोटारींचे पत्रे. विकत आणलं ते मुख्यतः रंग आणि खिळे. एका घरावर तुटक्या बाहुल्या ठोकल्या. एका घरावर ग्रामोफोनच्या तबकड्या लावल्या. एका बोटीत कापसाची खेळणी रचली आणि तिला नोहाची नौका म्हटलं. मोटारींच्या बॉनेटवर चेहरे रंगवून ते ओळीने उभे केले. आणि गायटन कुटुंबाच्या स्वतःच्या घरावर सगळीकडे रंगीत ठिपके आले. आजोबांना जेलीबीन्सच्या रंगीत गोळ्या आवडायच्या, त्याच भिंतीवर गोल गोल उमटल्या. वेगवेगळे रंग पण एकाच बरणीत, असा अर्थही गायटन त्यात सांगायचा.

यात एक वस्तू अशी आहे की जिच्यापाशी थांबायलाच हवं. झाडाच्या फांद्यांना टांगलेले बूट. ये-जा करणाऱ्याला ती गंमत वाटायची. पण मागची हकीकत अशी. आजोबांनी दक्षिणेत असताना जमावाने फासावर दिलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकवल्या होत्या. खाली जमलेल्यांना वर बघितल्यावर दिसायचे ते बुटांचे तळवे. भंगारातला फाटका बूट, पण त्याच्या आत तीन पिढ्यांची ही आठवण होती. भंगार वापरण्याचं कारण पैशाची टंचाई एवढंच नव्हतं, हे इथे कळतं. नवीन वस्तूला अशी आठवण नसते. टाकलेल्या वस्तूला ती असते, कारण कुणीतरी ती वापरलेली असते आणि कुणीतरी टाकलेली असते. ज्या रस्त्यातली माणसंही शहराने टाकून दिल्यासारखी झाली होती, तिथे ही वस्तू भिंतीवर लागणं म्हणजे एक जबाब होता.

लोक बघायला येऊ लागले. आधी शहरातले, मग परदेशातले. 1990 साली डेट्रॉइटच्या मोठ्या सरकारी कलासंग्रहालयात गायटनच्या कामाचं प्रदर्शन झालं.

पण आता शेजाऱ्यांकडे या. आम्ही हा विषय वाचायला घेतला तेव्हा आमचाही ओढा अर्थातच कलाकाराकडे होता. नंतर शेजाऱ्यांच्या तक्रारी वाचल्या आणि जरा वरमलो. या रस्त्यावर नोकरीवरून थकून घरी येणारी माणसं होती. आयुष्यभराच्या कमाईतून घेतलेली त्यांची घरं होती. आपल्या वाडवडिलांना घर घेण्यासाठी कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांच्या समोरच्या घरावर उघड्या, हातपाय तुटलेल्या बाहुल्या. दारापुढे अनोळखी गाड्यांची रांग. गाडीतून उतरणारा पाहुणा फोटो काढणार आणि संध्याकाळी आपल्या नीटनेटक्या वस्तीत परत जाणार. आमची गरिबी दाखवायला ठेवली आहे का, असं त्यांना वाटलं तर त्यात चूक ती काय? काही शेजाऱ्यांना हे काम मनापासून आवडायचं. मुलं तर रंगवायला धावत यायची. मोकाट धंदे कमी झाले, असं प्रकल्पाच्या बाजूचे लोक सांगायचे. पण ‘समाजाची कला’ म्हणताना ज्याला आपण समाज म्हणतो, तो एका मताचा नव्हता. कुठल्याही आळीत तो नसतोच.

23 नोव्हेंबर 1991 या दिवशी महापालिकेचे बुलडोझर आले आणि कलाकृती झालेली घरं पाडून गेले. महापौर होते कोलमन यंग. यांच्याकडे एकतर्फी बघू नका. 1973 साली निवडून आलेले हे डेट्रॉइटचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. मोडकळीला आलेलं शहर त्यांच्या हाती आलं होतं आणि पडकी घरं पाडा, असा मतदारांचाच धोशा होता. गायटनच्या बाजूला कागद नव्हता. बरीचशी घरं त्याच्या नावावर नव्हतीच. झाडलेली जागा, लावलेले खिळे, घातलेली पाच वर्षं, यातलं काहीही सरकारी दप्तरात नोंदलेलं नव्हतं.

गायटनने पुन्हा सुरुवात केली. आजोबा 1992 साली वारले, तरी काम थांबलं नाही. नंतरचे महापौर डेनिस आर्चर यांच्या काळात पुन्हा तोच वाद. या वेळी गायटन कोर्टात गेला, काही काळ मनाई हुकूमही मिळाला. पण तो उठला आणि 4 फेब्रुवारी 1999 रोजी महापालिकेच्या जमिनीवरचा भाग पुन्हा पाडला गेला. कागदावर महापालिकेची बाजू पक्की होती. पण मग ऐन जवळच्या रस्त्यांवर शेकडो पडकी घरं वर्षानुवर्षं तशीच उभी असताना बुलडोझर नेमका इथेच का आला, याचं उत्तर कागदात मिळत नाही. जे घर कुणाच्या नजरेत भरत नव्हतं त्याला धक्का लागला नाही, आणि ज्या घराकडे लोक बघू लागले ते पडलं.

इथून दुसऱ्या दोन शहरांकडे जाऊ, कारण या प्रसंगातून इतर कलाकारांपुढचा प्रश्न स्पष्ट होतो. कागद आधी हातात घेतला तर काय होतं?

ह्यूस्टन शहरात 1993 साली रिक लो आणि त्याच्या सहा कलाकार साथीदारांनी दीड ब्लॉकवरची 22 जुनी, अरुंद, एकामागे एक खोल्या असलेली लाकडी घरं रीतसर व्यवहार करून ताब्यात घ्यायला सुरुवात केली. अशा घरांना तिकडे ‘शॉटगन’ घरं म्हणतात. स्वयंसेवकांनी ती दुरुस्त केली. काही घरांत कलाकारांची मांडणी, आणि काही घरांत शिकणाऱ्या, एकट्याने मूल वाढवणाऱ्या तरुण आयांना राहायला जागा. कलेच्या शेजारी चूल पेटती राहिली, म्हणून वस्तीला ती परकी वाटली नाही.

शिकागोतली गोष्ट तर हिशेबाच्या दृष्टीने फारच मजेशीर आहे. तिथल्या दक्षिण भागात 1923 साली बांधलेली एक बँक 1980 च्या दशकात बंद पडली. छत गळत होतं, तळघरात पाणी होतं, महापालिका पाडायच्या बेतात होती. थिएस्टर गेट्स या कलाकाराचं शिक्षण मातीकामाबरोबर नगररचनेचंही. त्याने ती इमारत महापालिकेकडून एका डॉलरला घेतली. अट अशी की दुरुस्तीचे लाखो डॉलर त्याने उभे करायचे. त्याने काय केलं? त्या बँकेच्या स्वच्छतागृहातला संगमरवर काढला, त्याचे तुकडे केले, त्यावर अक्षरं कोरली आणि ते बँकेचे रोखे म्हणून स्वित्झर्लंडच्या कलाबाजारात पाच-पाच हजार डॉलरला विकायला ठेवले. ज्या बँकेने वस्तीला वाऱ्यावर सोडलं होतं, तिच्या भंगाराने तिचीच डागडुजी झाली. 2015 साली इमारत उघडली. आज तिथे कृष्णवर्णीय वाचकांसाठी निघालेल्या ‘एबोनी’ आणि ‘जेट’ या नियतकालिकांच्या प्रकाशनसंस्थेचं ग्रंथालय आहे आणि शिकागोच्या एका नामवंत डीजेचा तबकड्यांचा संग्रहही आहे.

म्हणजे धडा सोपा झाला का, आधी सातबारा नावावर करा आणि मग खिळा ठोका? आम्हीही काही दिवस असंच म्हणत होतो. पण मग पुन्हा डेट्रॉइटला परत यावं लागतं.

18 जुलै 2013 रोजी डेट्रॉइट शहराने दिवाळखोरी जाहीर केली. देणं सुमारे अठरा अब्ज डॉलरचं. ज्या संग्रहालयात गायटनचं प्रदर्शन झालं होतं, जिथे दिएगो रिवेराने 1932-33 साली कारखान्याच्या कामगारांची भव्य भित्तिचित्रं काढली, त्याच संग्रहालयातल्या चित्रांची किंमत मोजायला लिलावघराची माणसं आली. कारण कागदावर ती चित्रं शहराच्या मालकीची, म्हणजे धनकोंच्या आवाक्यातली. शेवटी खाजगी संस्था, राज्य सरकार आणि देणगीदारांनी पैसे घातले आणि 2014 साली ती चित्रं वाचली. कागद हातात असणं हेही दुधारी असतं, ते हे असं.

आणि 2013 च्याच मे महिन्यापासून हायडेलबर्ग रस्त्यावरची घरं एकामागून एक पेटू लागली. दीडेक वर्षात डझनभर आगी लागल्या. तबकड्यांचं घर गेलं, नाण्यांचं गेलं, घड्याळांचं गेलं, कापसाच्या खेळण्यांचं गेलं. जो माणूस कधीकाळी अग्निशमन दलात होता, तो आपल्याच कामाची राख बघत उभा. एव्हाना प्रकल्प नोंदणीकृत संस्था झाला होता आणि जगभर नाव झालं होतं. पण आगपेटीला खरेदीखत वाचता येत नाही. ठिपक्यांचं कौटुंबिक घर मात्र वाचलं.

2016 साली, तीस वर्षं पुरी झाल्यावर, गायटनने जाहीर केलं की हे आता हळूहळू उतरवायचं, रस्ता नव्या रूपात पुढे न्यायचा. अनेकांना धक्का बसला. दोनदा पाडलेलं ज्याने पुन्हा उभं केलं, तोच आता उतरवतो? आम्हाला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तोवर त्या घरांचं काय करायचं हे महापालिकेने ठरवलं होतं, आग लावणाऱ्याने ठरवलं होतं. या वेळी पहिल्यांदा ठरवणारा तो स्वतः होता.

मग उत्तर काय? रिकामं घर कुणाचं? इतिहासाच्या अभ्यासाला असल्या प्रश्नाचा निकाल देता येत नाही, पण दप्तरात काय नोंदलं जात नाही हे दाखवता येतं. मालकाचं नाव नोंदलं जातं, थकलेला कर नोंदला जातो. कचरा कुणी उपसला, कुणाच्या खिडकीतून रोज काय दिसतं, झाडाला टांगलेल्या बुटाचा अर्थ काय, हे नोंदलं जात नाही. ह्यूस्टनमध्ये आणि शिकागोत कागद आधी मिळवला आणि त्याचा फायदा झाला, हे खरंच. पण ह्यूस्टन जास्त टिकलं ते शेजाऱ्याला राहायला जागा दिली म्हणूनही. हायडेलबर्गला कागदाची कमतरता भोवली, तशी शेजाऱ्याचा कौल न घेण्याचीही थोडी भोवली, असं आम्हाला वाटतं. गायटनवरचं आमचं प्रेम तसंच ठेवून आम्ही हे म्हणतो आहोत.

तुमच्याही गावात एक बंद घर असेल. भाऊबंदकीत अडकलेला वाडा, टाळं लागलेली जीन, पडकी शाळा. कधीतरी तिथे रंग आणि खिळे घेऊन जायची इच्छा झाली, तर जरूर जा. फक्त दोन कामं आधी करा. तलाठ्याकडे जाऊन नाव कुणाचं ते बघा, आणि समोरच्या ओसरीवर बसून तिथल्या माणसाला विचारा की, तुम्हाला रोज सकाळी इथे काय बघायला आवडेल? दुसरं काम पहिल्यापेक्षा जास्त वेळ घेतं. तेवढा वेळ द्या.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर घेऊ.